उणे तीनचा वर्ग

माझ्या नणंदेच्या नाकावर कायम राग असायचा, असं आमची सगळी गल्ली सांगते. सांगू दे. गल्लीला सांगायला काय जातंय? एकच चूक उभी हयात रोज सकाळी नव्या चेहऱ्याने तुमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली असती, तर तुम्ही तिला काय बसायला खुर्ची दिली असती?

वन्सं गणिताच्या शिक्षिका होत्या. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे मी उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. तिथे बसलं की खिडकीतून त्यांची हाक स्पष्ट ऐकू यायची. "कंस कुठाय? कंस काय घरी विसरून आलास?" गिऱ्हाईक दचकायचं. मी म्हणायची, घाबरू नका, आमच्याच आहेत. मुलं त्यांना कंसबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका मुलाच्या तोंडून चुकून त्यांच्यासमोरच निघालं, तर त्या म्हणाल्या, "माझं नाव ठेवायचं सुचतं, मग उत्तरात कंस ठेवायचं का नाही सुचत?"

माझं गणित यथातथाच. तरी हा कंसाचा मामला काय होता ते मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरून झालं. फलन हा शब्द ऐकला की मुलं घाबरतात. वन्सं म्हणायच्या, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फलन म्हणजे एक नियम. त्या नियमात क्ष नावाची एक मोकळी जागा असते. तिथे संख्या ठेवायची आणि नियम सांगेल ते करायचं. समजा नियम असा आहे: क्षचा वर्ग करा आणि त्यातून क्षची दुप्पट वजा करा. क्षच्या जागी चार ठेवले. चारचा वर्ग सोळा, चारची दुप्पट आठ, सोळातून आठ गेले, उरले आठ. इथपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते उणे संख्या आत जाताना. उणे तीन ठेवा म्हटलं की पोरं तीन तेवढे उचलतात आणि वजाचं चिन्ह दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवतात. मग तीनचा वर्ग होतो नऊ, आणि त्याच्यामागे ते चिन्ह येऊन चिकटतं, उणे नऊ. वास्तविक वर्ग उणे तीनचा करायचा होता. उणे तीनला उणे तीनने गुणलं की अधिक नऊ. चिन्ह संख्येचं असतं, ते तिच्याबरोबरच आत गेलं पाहिजे, आणि ते सुटू नये म्हणून कंस. वन्संनी यासाठी एक पद्धत घालून दिली होती. नियमात क्ष जिथे जिथे असेल तिथे आधी रिकामे कंस काढायचे. ( )² − २( ). पूर्ण ओळ अशी रिकामी लिहायची, हात थांबवायचा, आणि मग प्रत्येक कंसात संख्या बसवायची. आधी कंस, मग संख्या. त्यांच्या वर्गात एकानेही हे उलट केलेलं त्यांना खपायचं नाही.

मला हे पटकन कळलं, कारण माझं कामही तसंच आहे. शर्टाच्या पुढच्या भागाला छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घ्यायचा आणि त्यात दीड इंच मिळवायचे. छत्तीस छाती असेल तर नऊ आणि दीड, साडेदहा. नियम तोच, माणूस बदलला की माप बदलतं. मी हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि लगेच चिडल्यासुद्धा. "बघा, टेलरबाईंना कळतं आणि माझ्या दहावीला कळत नाही." मी म्हटलं, वन्सं, माझं सोपं आहे हो, उणे तीन छातीचा माणूस अजून दुकानात आलेला नाही.

त्यांचं लग्न झालं नाही. सासरे गेले तेव्हा त्या नुकत्या नोकरीला लागल्या होत्या आणि आमचे हे, त्यांचे धाकटे भाऊ, अर्ध्या चड्डीत होते. वन्संनी घर ओढलं, सासूबाईंचं आजारपण काढलं आणि भावाला शिकवलं. शिकवलं म्हणजे फी भरली एवढंच नाही, स्वयंपाकघरात समोर बसवून शिकवलं, पट्टीसुद्धा हाणली. हे आज एका बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढतात, ते त्या पट्टीमुळे. हे स्वतःच कौतुकाने सांगायचे. "ताईने मला माणसात आणलं," असं म्हणायचे, पाहुण्यांसमोर तर दोनदा म्हणायचे.

शाळेत वन्संची रीत अशी होती की एक वर्ग आठवीत हाती घ्यायचा आणि दहावीच्या परीक्षेच्या दारापर्यंत स्वतः न्यायचा. मधे कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी सांगते आहे ते त्यांच्या शेवटच्या वर्गाचं. त्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या आणि आमची मुलगी त्याच वर्गात होती. घरी आत्या, शाळेत बाई. शाळेत चुकून आत्या म्हटलं तर अंगठे धरून उभं राहायचं. वन्संनी त्या वर्षी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून दाखवली होती, की एवढ्या पोरांना परीक्षेला बसवलं की मी मोकळी. दुसरं त्यांना काही नको होतं. निरोप समारंभ नको होता, शाल नको होती, भाषण तर नकोच होतं. वर्ग हवा होता, शेवटपर्यंत.

त्याच वर्षी शाळेला नवे मुख्याध्यापक आले. गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणाऱ्यांचं वावडं नाही, पण या माणसाच्या बोलण्यात शेवटी काय ठरलं हे कधी कळायचंच नाही, आणि घरी आल्यावर लक्षात यायचं की त्याच्या मनासारखं ठरलं. त्याच्या ओळखीचा एक हार्डवेअरचा दुकानदार होता. दुकानदाराची मुलगीही दहावीतच. त्याने साऱ्या वर्गाला कॅल्क्युलेटर भेट दिले. फोटो निघाले. मुख्याध्यापकांनी शाळेच्या चाचण्यांत ते वापरायला परवानगी दिली, शनिवारचा एक तास आपल्याकडे घेतला आणि त्याला नाव दिलं युक्ती वर्ग. युक्ती काय, तर कागदावर वेळ घालवू नका, प्रश्न वाचा आणि थेट बटणं दाबा. पोरांना आणखी काय हवं? आठवीपासून घोटून घेतलेले रिकामे कंस दोन शनिवारात हवेत गेले.

परीक्षेआधीची सराव चाचणी आली. तिच्या गुणांवरून शाळा वरची तुकडी काढायची आणि पुढच्या तांत्रिक अभ्यासक्रमासाठी त्याच तुकडीची नावं कळवायची, त्यामुळे पालकांचा जीव त्या चाचणीत अडकलेला. वन्संनी नेमका तोच नियम विचारला, क्षचा वर्ग वजा क्षची दुप्पट, आणि क्षच्या जागी उणे तीन. कंस घालून केलं तर नऊ अधिक सहा, पंधरा. कंस न घालता बटणं दाबली तर उणे नऊ अधिक सहा, उणे तीन. दोन-चार पोरं सोडली तर सगळा वर्ग उणे तीन लिहून आला. प्रश्नाचे पुढचे उपप्रश्नही त्याच उत्तरावर होते, तेही गेले.

पेपर त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर तपासत होत्या. मी भाजी निवडत होते. एकेक पेपर उलटताना त्यांचा श्वास मोठा मोठा होत गेला. मग एका पेपरावर त्यांचा हात थांबला आणि त्यांनी आमच्या मुलीला हाक मारली. ती हाक पलीकडच्या गल्लीतही गेली असेल.

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं, आत्या."

"रिकामे कंस कुठायत?"

"सर म्हणाले वेळ जातो."

"वेळ जातो? तीन वर्षं गेली माझी, त्याचं काय? जे आत घातलं तेच बाहेर आलं, उणे तीन टाकले आणि उणे तीनच निघाले, तरी तुला एकदाही शंका आली नाही?"

पोर रडायला लागली. मी आई आहे, मला राग आला. मी म्हटलं, "वन्सं, घरात तरी आत्या व्हा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आत्या आहे म्हणूनच ओरडतेय. परकी असते तर शून्य देऊन झोपले असते." आणि शून्य दिलंच. भाचीलाही दिलं, दुकानदाराच्या मुलीलाही दिलं. आमच्या मुलीचं नाव त्या शून्यामुळे वरच्या तुकडीच्या जरासं खाली राहिलं. आमच्या ह्यांनी भाजीचं भांडं उगाचच इकडून तिकडे सरकवलं.

दोन दिवसांत पालक पेटले. मुख्याध्यापकांनी सभा बोलावली, आणि सभेच्या आधी वन्संना केबिनमध्ये बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं की पालकांचं समाधान झालं नाही तर दहावीचा वर्ग परीक्षेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल. वन्संनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आम्ही तिघंही चहा घेत होतो. "बघू या," त्या म्हणाल्या, "फळा असेल ना सभेत? मग झालं. मी करून दाखवीन, बघतील, कळेल." त्यांचा हा भोळेपणा मला अजून टोचतो. एवढं आयुष्य काढलं, तरी त्यांना वाटायचं की बरोबर उत्तर फळ्यावर आलं की माणसं आपोआप गप्प बसतात.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पंखे फिरत होते आणि हवा म्हणून नव्हती. पुढच्या रांगेत दुकानदार, मांडीवर कॅल्क्युलेटर. आम्ही दोघं मधल्या रांगेत. वन्सं फळ्यापाशी गेल्या, रिकामे कंस काढले, संख्या बसवल्या, उणे तीन गुणिले उणे तीन करून दाखवलं, खाली पंधरा लिहून अधोरेखित केलं. एका दमात. वर्गात ओरडतात तशा एकदाही ओरडल्या नाहीत. मला वाटलं, छान झालं.

दुकानदार उठला. "बाई, तुमचं सगळं खरं. पण हे बघा. मी सगळ्यांसमोर दाबतो. उणे तीन. वर्ग. वजा दोन गुणिले उणे तीन. काय आलं? उणे तीन." त्याने कॅल्क्युलेटर डोक्यावर धरून रांगेला दाखवला. मग प्रत्येकाने आपापला फोन काढला. इकडून उणे तीन, तिकडून उणे तीन. कुणीतरी मागून म्हणालं, "एवढी यंत्रं एकच सांगतायत आणि बाई एकट्याच वेगळं."

"यंत्र चुकलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही त्याला उणे तीन दिलेच नाहीत. तीन दिले आणि चिन्ह बाहेर ठेवलंत. त्याने तीनचा वर्ग केला आणि तुमचं चिन्ह परत तुमच्या हातात दिलं. त्याला कंसात द्या."

"कंस कुठाय यात?"

हॉलमध्ये खसखस पिकली. वन्संनाही हसू आलं असावं. "उजवीकडे, वर बघा. दोन बटणं आहेत."

त्याने शोधून दाबली. सावकाश, एकेक. मग तो कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिला. "पंधरा," तो म्हणाला. मी मनातल्या मनात पिशवी उचलली. झालं, संपलं, आता घरी जाऊन चहा टाकू, असं माझं ठरलंसुद्धा.

आणि त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे दोन्ही येतात की! सर, मग भांडण कसलं? एकाच यंत्रात उणे तीनही येतं, पंधराही येतं. दोन्ही बरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी माणसं बघितली आहेत, शर्ट आखूड झाला तर स्वतःचं पोट सोडून माझ्या टेपला दोष देणारी बघितली आहेत, पण हे काहीतरी वेगळंच होतं. चूक सापडली, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली, आणि तिला हाकलायच्या ऐवजी तिच्यासाठी जागा करून दिली. हॉलमध्ये माना डोलायला लागल्या. दोन्ही बरोबर. काय सुटका झाली होती लोकांची.

मुख्याध्यापक उभे राहिले. मध्यममार्ग हा शब्द त्यांच्या तोंडी होताच. "ज्यांना वाटतं की मुलांच्या हितासाठी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळावेत, त्यांनी कृपया हात वर करावेत."

"कशासाठी हात?" वन्सं म्हणाल्या. आता त्यांचा खरा आवाज लागला होता. "उणे तीनचा वर्ग किती, हे हात मोजून ठरवणार तुम्ही?"

"तसं नाही बाई. मुलांच्या हितासाठी."

"मुलांचं हित त्यांना बरोबर येण्यात आहे. यांना आज दोन्ही बरोबर सांगाल, तर ही पोरं उद्या पूल बांधतील, औषधं मोजतील, तेव्हा कुणाचे हात वर करून घ्याल?"

हात मात्र वर गेले. पुढच्या रांगेतले आधी, मग मागचे. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. आणि माझ्या शेजारी, माझ्या डोळ्यांच्या कडेला, एक बाही हलली. मी शिवलेली बाही. कफाची शिवण मी ओळखते. आमच्या ह्यांचा हात वर गेला होता. फार वर नाही, खांद्याच्या थोडा वर, पण गेला होता.

वन्सं हात मोजत नव्हत्या. वर्गात बघतात तशा रांगेवरून नजर फिरवत होत्या, आणि ती नजर आमच्या रांगेत येऊन अडकली. नंतर त्यांनी फडकं घेतलं आणि फळा पुसला. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तेवढे गुण बदलून द्या. त्या म्हणाल्या, मी देणार नाही. मग वर्गाचं आम्हाला बघावं लागेल, ते म्हणाले. बघा, त्या म्हणाल्या. एवढ्यावर त्यांचा वर्ग गेला.

घरी येईपर्यंत मी तोंडाला कुलूप लावलं होतं. दार लागलं आणि कुलूप निघालं. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सख्खी बहीण, म्हटलं. जिने तुम्हाला उभं केलं तिचा वर्ग जाणार हे तुम्हाला सकाळपासून ठाऊक होतं. चहा पिताना ऐकलंत.

"पोरीच्या वरच्या तुकडीचा प्रश्न होता," हे म्हणाले. "माझ्या एका हाताने काय फरक पडला असता? सगळा हॉल एकीकडे होता."

"मग त्या हॉललाच नवरा म्हणून घरी आणायला हवं होतं मी."

वन्सं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. चप्पल अजून पायात. मला वाटत होतं, आता ओरडतील. ओरडाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि भावाला विचारलं, "बाळ्या, तुला उत्तर येत होतं?"

हे खोटं बोलू शकले असते. मला माहीत नव्हतं, विसरलो, गोंधळलो, काहीही. नकाशे काढणाऱ्या माणसालाही विसरायची मुभा आहे. पण त्या स्टुलावरून तो प्रश्न आला की त्यांना खोटं बोलता येत नसावं.

"येत होतं."

"किती?"

"पंधरा."

"कसं?"

हे टेबलापाशी गेले. केस पिकलेला माणूस, तर्जनीने टेबलाच्या पत्र्यावर काढायला लागला. आधी रिकामे कंस. एक, मग दुसरा. हात थांबवला. मग आत संख्या. उणे तीन, उणे तीन. नऊ. अधिक सहा. बोटाने काढलेलं काही दिसत नव्हतं, पण आम्हा तिघांनाही ते वाचता येत होतं.

"बरोबर," वन्सं म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

मी जन्मात त्यांच्या तोंडून इतका हळू शब्द ऐकला नव्हता. दुकानदारावर त्या चिडू शकत होत्या, कारण त्याला कळत नव्हतं. पोरांवर चिडू शकत होत्या, कारण त्यांना अजून कळायचं होतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर ओरडायला निदान काहीतरी कारण असतं, उद्या कळेल ही आशा असते. भावाच्या गणितात चूकच नव्हती. कंस जागेवर, चिन्ह जागेवर, उत्तर बरोबर, आणि हात वर. आता ओरडणार कशावर?

दहावीचा वर्ग मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घेतला आणि वन्संना पाचवीचे पाढे दिले. त्यांनी ते तेवढाच जीव तोडून घेतले. खिडकीतून हाक यायची, पण ती नऊ त्रिकची आणि आठ सत्तेची. गुण मुख्याध्यापकांनी आपल्या हाताने बदलले. आमच्या मुलीचं नाव वरच्या तुकडीत लागलं आणि मी त्या दिवशी तोंडात साखर घातली नाही. निवृत्तीच्या वेळी शाळेने त्यांना न विचारताच समारंभ ठरवला. मुख्याध्यापक रंगमंचाच्या पडद्याचं काम घेऊन स्वतः माझ्याकडे आले. वहिनी, तेवढं माप घ्यायला या, म्हणाले. मी म्हटलं, "येते की. दोन मापं घेते, एक पडद्याचं आणि एक माझ्या मनाला येईल ते. दोन्ही बरोबर धरा आणि पैसे दोन्हीचे द्या." ते गोड हसले. त्यांना राग येत नाही, हाच तर त्या माणसाचा रोग आहे. पडदे दुसरीकडून शिवून घेतले. वन्सं समारंभाला गेल्याच नाहीत.

मुलीला मात्र त्यांनी सोडलं नाही. परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी टेबलावर बसवायच्या आणि घर डोक्यावर घ्यायच्या. "कंस! कंस! अगं, संख्या आधी का लिहितेस?" पोर आता रडायची नाही, उलट उत्तर द्यायची, आणि मग दोघींचा आवाज चढायचा. मला बाहेर मशीनवर बसून फार बरं वाटायचं. परीक्षा देऊन आली तेव्हा म्हणाली, "आत्या, सगळीकडे आधी रिकामे काढले." त्यावर त्या म्हणाल्या, "मग काय, ओवाळू तुला?" आणि तिचं दप्तर स्वतः उचलून आत घेऊन गेल्या.

ह्यांच्यावर ओरडणं तेवढं संपलं. अबोला वगैरे नाही. ताटं मांडली का, पंख्याचं बटण बंद कर, सगळं बोलणं सरळ. पूर्वी ह्यांनी पेपरमधली एखादी टक्केवारी चुकीची वाचली तरी वन्सं आतून ओरडायच्या. ह्यांच्या नकाशातलं जिन्याचं माप त्या भाजी चिरता चिरता दुरुस्त करायच्या आणि वर दोन शब्द सुनवायच्या. हे कुरकुरायचे. मी या वयात ओरडा खायचा का, म्हणायचे.

परवा रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. हे एका नव्या घराच्या नकाशाबद्दल बोलत होते. मधेच म्हणाले, "खोली दहा बाय बारा आहे. म्हणजे क्षेत्रफळ झालं बावीस." मुलगी हसायला लागली. मी ह्यांच्याकडे बघितलं. नकाशे काढणाऱ्या या माणसाने गुणायच्या जागी बेरीज करणं शक्य नाही. त्यांचं लक्ष ताटात नव्हतं, वन्संकडे होतं, आणि घास तसाच हातात होता.

वन्संनी भात कालवला. "असेल," त्या म्हणाल्या.

हे अजूनही अधूनमधून असं काहीतरी चुकवून बघतात. मी दुरुस्त करायला जात नाही. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं नसतं.